मातीच्या भिंतीत दुसरी खिडकी : प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

ही माझी मापांची वही. पुढून गावातल्या बायांच्या ब्लाउजची मापं, मागून उलट्या बाजूनं आता ही खिडकी.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि काल रात्रीपासून जिनिंग सुरू झाली. मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याच्या मधलं आमचं गाव. एकीकडून रेल्वे, दुसरीकडून महामार्गाला मिळणारा रस्ता आणि त्या रस्त्याच्या पल्याड, आमच्यापासून तीन वावरं सोडून, जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापूस येत राहील तोवर तिचं घूं घूं रात्रंदिवस चालणार. वर कापसाच्या गाड्यांचे हॉर्न, आणि फाटकाजवळ आली की मालगाडी शिट्टी देतेच. रुळाकडेला 'सी/फा' अशी पिवळी पाटी आहे. लहानपणी मला ते कोण्या साहेबाचं नाव वाटायचं. सीटी आणि फाटक, एवढाच त्याचा अर्थ.

पोरगी बारावी सायन्सला. तिचं टेबल पश्चिमेच्या खोलीत, आणि त्याच खोलीत मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खाट. मामाजींना ऐकायला कमी येतं, त्यामुळे जिनिंगचं त्यांना काही नाही, पण खिडकीतून येणारा गार वारा त्यांच्या गुडघ्यात शिरतो. म्हणजे एकाच खिडकीची गिऱ्हाइकं दोन आणि तक्रारी वेगळ्या.

जिनिंगविरुद्ध तोंड उघडायची सोय नाही. घरमालकाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, टेम्पो तिथंच कापूस वाहतो. काल मी नुसता विषय काढला तर म्हणाले, "जिनिंग बंद झाली तं टेम्पोबी उभा राह्यते, ध्यानात ठेव." म्हणून जे करायचं ते घराच्या आतून.

१० नोव्हेंबर

काहीही विकत आणण्याआधी आवाज नेमका कुठून येतो ते पाहायचं होतं. खोलीवर स्लॅब आहे, भिंती जुन्या, पांढऱ्या मातीच्या, दीड फूट जाड. आवाज भिंतीतून यायचा नाही असं वाटत होतं, पण वाटणं वेगळं. रात्री साडेदहाला पोरीनं मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावून तो टेबलावर ठेवला. खिडकी लावलेली असताना आकडा ५३-५४. मग आम्ही दोघींनी खाटेवरची कापसाची गादी उचलून खिडकीच्या कोनाड्यात घट्ट कोंबली. आकडा ४५ वर आला, आणि कानालाही कळलं. गादी काढली की परत ५४.

मोबाइल म्हणजे काही तपासलेलं यंत्र नव्हे. पण तोच मोबाइल, तीच जागा, तीच वेळ ठेवली तर आधी आणि नंतर यातला फरक त्यात दिसतो. दहा डेसिबल कमी झाले की माणसाच्या कानाला आवाज साधारण निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, हे पोरीनं सांगितलं. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ आहे, तीही घराबाहेरच्या हवेत. आमच्या खोलीच्या आतच ५४.

तर चोर सापडला. भिंत नाही, छत नाही, खिडकीच.

१३ नोव्हेंबर

अगरबत्ती लावून खिडकीच्या कडेकडेनं फिरवली. खिडकी जुनी सागवानी, दोन फळ्यांची, बाहेर उघडणारी, मध्ये लोखंडी गज. काच ३ एमएम. दोन फळ्या मिळतात तिथं धूर सरळ आडवा झाला. खालच्या कोपऱ्यात तर अगरबत्ती विझायलाच आली. दिवा मालवून पोरगी बाहेरून बॅटरी घेऊन उभी राहिली, तेव्हा मधल्या फटीतून उजेडाची वरपासून खालपर्यंत रेघ दिसली. फट दोन सुतांची. पाव इंच म्हणजे मोठी वाटत नाही, पण चार फूट उंचीवर धरा, शिवाय कोपरे.

यातली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. खिडकीच्या शंभर भागांतला एकच भाग उघडा राहिला तर बाकीचे नव्याण्णव तुम्ही विटांनी चिणले तरी वीस डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. म्हणजे मामाजींच्या गुडघ्याचा वारा आणि पोरीच्या कानाचा आवाज एकाच वाटेनं येतात. मला हायसं वाटलं. शिवणकामात भोक बुजवणं मला येतं.

१९ नोव्हेंबर

प्रचाराचे भोंगे काल संध्याकाळी थांबले, उद्या मतदान. म्हणून कालची रात्र मोजमापाला बरी होती.

पहिला प्रयोग स्वस्तातला. शेतात पांघरायला आणलेलं पारदर्शक पॉलिथिन लाकडी पट्ट्या ठोकून खिडकीला आतून ताणलं. वारा बंद. मामाजी खूश. आवाज? ५३. आणि रात्री वारा सुटला तेव्हा त्या प्लास्टिकच्या कागदाची फडफड सुरू झाली, ती वेगळीच. पोरीनं दोन वाजता उठून कात्रीनं फाडलं. कापडच हवं असतं तर पडदा काय वाईट होता! आवाज अडवायला वजन लागतं. हलकी वस्तू त्याच्याबरोबर स्वतःच हलते.

२४ नोव्हेंबर

घरमालकांची अकोल्याला खेप होती, मी टेम्पोत बसून गेले. काचेच्या दुकानात तीन गोष्टी दाखवल्या. एक, चुंबकाच्या पट्टीनं चिकटणारी ॲक्रिलिकची शीट. सुंदर, हलकी, पण महाग, आणि हलकी म्हटल्यावर मला पॉलिथिन आठवलं. दुसरी, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. तिला कडेनं ऊलनसारखा ब्रश असतो, त्यातून फुंकर मारली तर पलीकडे लागते. तिसरी, दोन काचा मध्ये अर्धा इंच पोकळी ठेवून कारखान्यातच चिकटवलेल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, हेच घ्या, शहरात सगळे हेच लावतात." भाव ऐकून पाणी प्यायले आणि नुसता ६ एमएम साध्या काचेचा भाव लिहून आणला.

२६ नोव्हेंबर

आजची नोंद पोरीनं सांगितलेली, मी लिहिलेली.

दोन काचांच्या मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि दोन काचा म्हणजे त्या स्प्रिंगला दोन्ही टोकांना लावलेली वजनं. असल्या जोडीला आपला एक सूर असतो. तो बाहेरून आला की ती अडवायचं सोडून स्वतःच घुमते. त्या सुराच्या बऱ्याच वरचे आवाज मात्र ती चांगले अडवते. म्हणून तो सूर जितका खाली नेता येईल तितका बरा. बाहेरची काच ३ एमएम, आतली ६, मध्ये अर्धा इंच धरला तर हिशेब दोनशे चाळीस हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे माणसांचं बोलणं आणि इंजिनांची घरघर यांच्या ऐन मध्यात. पोकळी दहा इंच धरली तर तोच सूर पन्नासच्या घरात उतरतो.

आणि दहा इंच आमच्याकडे फुकट पडून आहेत. मातीची भिंत दीड फूट, खिडकी बाहेरच्या अंगाला बसवलेली, आत खोल कोनाडा, ज्यात मामाजींचा रेडिओ आणि गुडघ्याचं तेल. शहरातल्या सहा इंची भिंतीला ही चैन परवडणार नाही. आजेसासऱ्यांनी भिंत जाड बांधली ती उन्हासाठी. जिनिंगचा विचार त्यांच्या मनातही नसणार.

थंडीपुरती अर्ध्या-पाऊण इंचाची पोकळी पुरते. त्याहून रुंद केली तर ऊब फार वाढत नाही. रुंदी हवी ती आवाजासाठी. दोन काचांची जाडी वेगळी हवी, हेही तिनंच सांगितलं. सारख्या जाडीच्या काचा एकाच सुराला कच्च्या पडतात. वेगवेगळ्या असल्या तर एकीची खोट दुसरी झाकते.

हा सगळा हिशेब तिनं भौतिकशास्त्राच्या सराव वहीत केला. मी म्हटलं, यावर मार्क मिळतील का? तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

१ डिसेंबर

माप घेतलं. खरं तर आठवडाभर तेच करते आहे.

कोनाडा खालून ४२ इंच रुंद. मधून ४१ इंच ५ सूत. वरून ४० इंच ६ सूत. उंची डावीकडून ४८, उजवीकडून ४८ इंच ३ सूत. कर्णाचं माप दोन्हीकडून टेप लावून घेतलं, तर एक इंचाचा फरक. मातीची भिंत म्हातारीसारखी एका बाजूला बसली आहे. ब्लाउज शिवताना मी सर्वांत जाड जागी माप घेते आणि वर दोन बोटं ढिलाई सोडते. इथं उलटं. सर्वांत अरुंद जागी माप, त्यातून दोन सूत वजा. कापड आत दाबून घेता येतं, काच नाही.

चौकट भिंतीच्या आकाराची करायची की गुण्यात, म्हणजे काटकोनात? मी गुण्यातच ठरवली. चौकट वाकडी केली तर फळ्या वाकड्या, काच वाकडी, आणि रबर कुठे दबेल कुठे नाही. चौकट सरळ, आणि भिंतीचा वाकडेपणा चुन्या-सिमेंटनं भरून काढायचा.

५ डिसेंबर

सुतार मिस्तरी आले. जुनी माडी उतरवली तेव्हाच्या सागवानी कड्या गोठ्यात पडून होत्या, त्यातल्या दोन चिरून चौकट आणि फळ्या. मामाजी ओसरीवरून सगळं पाहत होते.

"एका भोकाले दोन खिडक्या? असं तं म्या जिंदगीत नाई पाह्यलं."

मी ओरडून सांगितलं, "मामाजी, एक वाऱ्याले आन एक आवाजाले!"

"कोणता आवाज?"

मिस्तरींनी भिंतीत ड्रिल घातलं आणि लगेच काढलं. "ताई, भित मातीची हाये, इथं स्क्रूची गिट्टी धरत नाई. गुटके बसवा लागतीन." मग दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी भिंत खोदून सागवानी गुटके चुन्या-सिमेंटात बसवले, ते दोन दिवस वाळू द्यायचे. गुटक्यांना आणि चौकटीच्या भिंतीकडच्या अंगाला उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून टेम्पोचं जळकं ऑइल पाजलं. वास काही जाईना. पोरीनं टेबल स्वयंपाकघरात नेलं.

९ डिसेंबर

चौकट बसली. ओळंबा सोडून पाहिला, पाण्याच्या नळीनं लेव्हल पाहिली. खालच्या डाव्या कोपऱ्यात भिंत आणि चौकट यांच्यात तब्बल सव्वा इंच. भरलं.

बिजागऱ्या मी हट्टानं पिन निघणाऱ्या मागवल्या. कारण आपल्याकडची खिडकी वर्षातून चार महिने खिडकी नसतेच, ती कुलरची जागा असते. आत पक्की काच बसवून मार्चमध्ये काय करणार? पिना काढल्या की फळ्या उतरतील अशीच सोय हवी. मिस्तरी म्हणाले की इतकं मागचं-पुढचं गिऱ्हाईक बोलत नाही. मी म्हटलं, उसवायची शिलाई वेगळी घालावी लागते, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

१२ डिसेंबर

काचा आल्या. मूर्तिजापूरहून, टेम्पोत, दोन गाद्यांच्या मध्ये उभ्या ठेवून. काच आडवी झोपवून आणायची नाही, खड्ड्यात तडकते. ६ एमएमची काच चौरस मीटरला पंधरा किलो, म्हणजे एका फळीत नुसती काचच कित्येक किलो आणि वर लाकूड. म्हणून फळीमागे तीन बिजागऱ्या.

१४ डिसेंबर

फळ्या चढवल्या. बंदच होईनात.

चूक माझी. चौकटीच्या खाचेत चारी बाजूंनी पोकळ रबराची पट्टी लावायची होती, आणि मी बिजागरीच्या बाजूलाही तीच जाड पट्टी लावली. फळी बंद करताना मागून रबर दाबलं जाईना आणि बिजागऱ्यांवर जोर आला. एक स्क्रू तर उचकटलाच. त्या बाजूचं रबर काढून पातळ फोमची पट्टी लावली. मधे जिथे दोन फळ्या मिळतात तिथं एका फळीला पाऊण इंचाची लाकडी पट्टी, दुसरीवर चढणारी, तिच्या पोटात रबर. आणि प्रत्येक फळीला वर-खाली अशा दोन कड्या, ज्या लावताना फळी आत ओढली जाते. एकच कडी मधे लावली असती तर वरचे-खालचे कोपरे सैल राहिले असते.

रात्री अगरबत्ती परत फिरवली. धूर सरळ वर गेला.

आकडा ४३. गादीपेक्षा दोन कमी. ट्रकचा हॉर्न आला तेव्हा तो दुसऱ्या गावातून आल्यासारखा. पोरगी काही बोलली नाही, पण कानातले कापसाचे बोळे काढून टेबलावर ठेवले.

१५ डिसेंबर

आता नवीनच त्रास. दारावरचा झरोका ऐकू यायला लागला. खिडकी बोंबलत होती तोवर तो गप्प होता. घड्याळसुद्धा मोठ्यानं वाजतंय असं मामाजी सोडून सगळे म्हणतात.

झरोका पूर्ण बुजवायचा नाही असं ठरवलं. दोन माणसं रात्रभर त्या खोलीत झोपतात, हवा कुठून तरी यायला हवी. तो घराच्या आतल्या बाजूला, मधल्या घरात उघडतो, म्हणून तसाच ठेवला. दाराखालची फट मात्र बुजवली. उरलेल्या चादरीची नळी शिवून तिच्यात सरकी भरली. सरकी जड, आणि नळी दाराला मस्त चिकटून बसते. फार अभिमान वाटला.

१८ डिसेंबर

थंडी कडक. पहाटे पाचला ओसरीत ९ अंश, खोलीत १७. मागच्या आठवड्यात अशाच पहाटे खोलीत १३ होते. मामाजींनी घोंगडी पायाशी ढकलली.

पण काल रात्री दोनला मला जाग आली ती वासानं. मामाजींनी नेहमीप्रमाणे कोळशाची शेगडी खाटेखाली ओढलेली. इतकी वर्षं चाललं, कारण खिडकी चाळणीसारखी होती. आता तीच शेगडी जीव घेईल. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस झोपेतून उठतच नाही. वास आला तो धुराचा, नशीब. मी शेगडी उचलून ओसरीवर ठेवली.

"मंग थंडीत मरू काय म्या?"

"मामाजी, खोलीत आता थंडी नाई. हात लावून पाहा भितीले."

त्यांनी भिंतीला हात लावला नाही, शेगडीकडे पाहत राहिले. आज त्यांना गरम पाण्याची रबरी पिशवी आणून दिली आणि तिला जुन्या स्वेटरचा झगा शिवला. शेगडी दिवसा ओसरीत, रात्री खोलीत नाही. या एका नियमावर आज घरात अबोला आहे.

२२ डिसेंबर

सरकीची नळी उंदरांनी फोडली. खोलीभर सरकी. मला कसं सुचलं नाही? नवी नळी शिवली, तिच्यात नाल्याची चाळलेली रेती.

२७ डिसेंबर

दोन दिवस ढगाळ, काल पाऊस. सकाळी पाहिलं तर बाहेरच्या काचेवर आतून दव. पुसायला आतली फळी उघडावी लागते. शोध घेतला तेव्हा परत माझाच शहाणपणा निघाला. गेल्या आठवड्यात मी उत्साहाच्या भरात बाहेरच्या खिडकीच्या फटीही सिलिकॉननं भरल्या होत्या. खोलीतली दमट हवा फळी उघडली-लावली की थोडी तरी पोकळीत जाते, शिवाय ढगाळ म्हणून ओले कपडे याच खोलीत दोरीवर. ती वाफ बाहेरच्या गार काचेवर पाणी होऊन बसते, आणि तिला बाहेर जायला वाट नाही.

आतली खिडकी घट्ट हवी, बाहेरची थोडी श्वास घेणारी. बाहेरच्या चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतलं सिलिकॉन ब्लेडनं बोटभर काढलं. कपडे ओसरीत. आवाजाचा आकडा तसाच राहिला, म्हणजे सगळा कस आतल्या रबराचा.

४ जानेवारी २०२५

दव नाही.

रिकाम्या पोकळीत आवाज दोन काचांमध्ये आपटत राहतो, म्हणून कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर शिवणाच्या चिंध्या भरलेल्या दोन इंच जाड गाद्या शिवून अडकवल्या. सुती, कडेनं उलटी टीप घातलेल्या. काचेला लागणार नाहीत इतक्या. आकडा ४३ चा ४१. खालच्या बाजूला गादी ठेवली नाही, पाणी आलं तर तिथंच साचेल. पावसाळ्याआधी या काढून उन्हात टाकायच्या, नाहीतर बुरशी.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला खिडकी दाखवावी लागली. शेजारच्या काकू आत उभ्या राहून म्हणाल्या, "अव माय, बहिऱ्यावानी वाटते!" त्यांना स्तुती करायची होती.

आता जे झालं नाही तेही लिहिते. जिनिंगच्या ब्लोअरची घूं घूं गेलेली नाही. हॉर्न, माणसांची बोलणी, ट्रॅक्टरचं टाप टाप, गाडीची शिट्टी, हे सगळं खूप खाली गेलं. पण तो खालचा घुमार पोटात लागतोच, उशीवर कान ठेवला की जास्त. पोरीचं म्हणणं, आपला पन्नासचा सूर आणि ब्लोअरचा सूर एकमेकांपासून फार लांब नसावेत, आणि त्या खालच्या पट्टीत मोबाइलचा माइकही भरवशाचा नाही. ४१ आकडा दिसतो, पण कानाला ४१ पेक्षा जास्त वाटतं. तिथं माझी शिलाई संपली.

खर्च : काच १,३५०, मिस्तरींची मजुरी १,६००, बिजागऱ्या, कड्या, रबर, सिलिकॉन मिळून ८८०. लाकूड घरचं. पहिल्या वेच्याच्या कापसातून दिले. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव यंदा क्विंटलला ७,५२१, पण ओल आठ टक्क्यांवर गेली की पैसे कापतात, आणि आमच्या पहिल्या वेच्यात ओल होतीच.

११ फेब्रुवारी

आज इंग्रजीचा पेपर. काल रात्री ती नऊला झोपली. जिनिंग चालू होती.

१६ मार्च

पेपर संपले, होळी झाली, दुपारचं ऊन डोक्यात जायला लागलं. जिनिंगची पाळी एकच उरली आहे. दुपारी फळ्या उघडून पाहिल्या तर पोकळीत वरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीची तीन मडकी बांधलेली. बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात मी जी बोटभर वाट ठेवली तिथूनच शिरली असणार. रिकामी होती, काढली. त्या वाटेला आता जाळीचा तुकडा लावला.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर घरमालकांनी कुलर काढला, ताट्या बदलल्या, स्टँड धुतलं. मी पिना काढायला हातोडी घेतली तर मामाजी खाटेवरून उठून खिडकीपुढे उभे.

"काढू नको. दुपारची झळ येते तिकून. कुलर पूर्वेच्या खिडकीले लावा."

पूर्वेच्या खिडकीला कुलर लावला तर खोल्यांमधून आलेल्या दमट हवेला पश्चिमेनं बाहेर जायला वाट हवी, नाहीतर घामानं चिकचिक होईल, हे मी त्यांना दोनदा ओरडून सांगितलं. शेवटी तडजोड झाली. एक फळी उतरवली, दुसरी मामाजींच्या उशाकडची तशीच राहिली. उतरवलेल्या फळीच्या कडेला पेन्सिलनं "डावी, वर" लिहून ती पोत्यात गुंडाळली आणि गोठ्यात उभी ठेवली. पिना दोऱ्यात ओवून शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनशेजारी.